कोरं रिव्हॉल्व्हर कुणासाठी जपायचं?

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावात आजोबा वारले, की वारसांच्या हाती घराच्या कागदांबरोबर बऱ्याचदा एका लोखंडी कपाटाची किल्लीही येते. कपाटात शिकारीच्या दोन-तीन बंदुका असतात, काडतुसांचे डबे असतात. आणि कधीकधी अगदी मागे, कुणाचा हात लागू नये अशा बेतानं सरकवलेला एक पुठ्ठ्याचा खोका असतो, लाकडाच्या रेषांची छपाई असलेला. आत साच्यात बसवलेलं १९७०च्या दशकातलं कोल्ट पायथन रिव्हॉल्व्हर, माहितीपत्रक, दुकानाची पावती. आजोबांनी ते हौसेनं घेतलं, घरी आणून डोळे भरून पाहिलं आणि ठेवून दिलं. एकही गोळी झाडली नाही. आता नातवानं काय करायचं? मैदानावर नेऊन सहा बार काढायचे, की आजोबांचं व्रत पुढे चालवायचं?

प्रश्न चैनीचा आहे, यात शंका नाही. ज्या देशात अलीकडच्या काळात दर वर्षी ४० हजारांहून जास्त माणसं बंदुकीनं मरतात, तिथं एका न वापरलेल्या बंदुकीच्या चकाकीची काळजी करत बसणं अनेकांना असह्य वाटेल. तरीही हा वाद तिथल्या संग्राहकांमध्ये वर्षानुवर्षं चालू आहे. दोन्ही बाजूंची माणसं इतिहास, कारागिरी, वाडवडिलांची आठवण अशी वजनदार कारणं देतात. खोलात गेलं की त्यातली बरीचशी गळून पडतात आणि उरतो तो पैसा, तोही बहुतेकदा मालकाच्या खिशात कधीच न येणारा.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. सॅम्युअल कोल्टनं १८३६ मध्ये फिरत्या सिलिंडरच्या बंदुकीचं अमेरिकी पेटंट घेतलं आणि पुढे कनेक्टिकट राज्यातलं हार्टफर्ड हे त्याचं गाव बंदुकांचं गाव झालं. तिथून वर चाळीसेक किलोमीटरवर, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, स्मिथ अँड वेसनचा कारखाना. एकाच नदीच्या खोऱ्यातल्या या दोन कंपन्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींवर कुरघोडी केली. स्मिथ अँड वेसननं १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम हे जबर ताकदीचं काडतूस आणि ते पेलणारं रिव्हॉल्व्हर आणलं. त्याला तोडीस तोड उत्तर द्यायला कोल्टला वीस वर्षं लागली. ते उत्तर म्हणजे १९५५चं पायथन. किंमत १२५ डॉलर, म्हणजे त्या काळी चांगलीच चढी. नळीच्या डोक्यावर झरोके पाडलेली पट्टी, पोटाखाली टोकापर्यंत गेलेलं जड पोलाद. ते पोलाद अधिकाधिक बारीक पावडरीनं इतकं घासलं जाई, की निळ्या-काळ्या रंगाची प्रक्रिया झाल्यावर त्यात चेहरा दिसावा. कोल्टनं या रंगाला नाव दिलं रॉयल ब्लू. आतले भाग कारागीर बाकावर बसून कानशीनं घासून, एकेक करून जुळवत.

असं काम पुढे परवडेना. विसाव्या शतकाच्या अखेरीस नेहमीचं उत्पादन थांबलं आणि २००५च्या सुमारास खास मागणीवर होणारंही बंद पडलं. मग २०१०ला ‘द वॉकिंग डेड’ ही मालिका सुरू झाली. मेलेली माणसं उठून चालतात अशा त्या जगात नायक रिक ग्राइम्सच्या हातात चंदेरी पायथन होतं. ज्यांनी जन्मात बंदूक धरली नव्हती त्यांच्याही तोंडी हे नाव बसलं. गिऱ्हाईक वाढलं, माल तेवढाच; भाव चढले. २०२०च्या जानेवारीत कोल्टनं पायथन पुन्हा बाजारात आणलं, १,४९९ डॉलरला. पण आतली रचना बदललेली होती आणि सुरुवातीला ते फक्त स्टेनलेस स्टीलमध्येच मिळे. त्यामुळे निळ्या रंगाचे वेडे जुन्याच खोक्यांच्या मागे राहिले. अशा खोक्यातल्या कोऱ्या पायथनच्या आणि वापरलेल्या पायथनच्या भावात हजारभर डॉलरचं अंतर सहज पडू शकतं. मूळ कागद नीट असतील तर त्याहूनही जास्त. नुसत्या रिकाम्या खोक्यांचाही तिथं धंदा चालतो, यावरून काय ते समजावं.

एवढे पैसे नेमके कशाचे? न झाडल्याचे म्हणावं, तर कोऱ्या रिव्हॉल्व्हरबद्दलची पहिली गोष्ट हीच की ते तितकंसं कोरं नसतं. कोल्ट काय किंवा स्मिथ अँड वेसन काय, माल कारखान्याबाहेर पडण्याआधी त्यातून चाचणीचे बार काढले जातात. ब्रिटनमध्ये तर हा कायदाच आहे. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासूनचं. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस मुद्दाम उडवायचं, बंदूक तग धरते का पाहायचं आणि मगच तिच्यावर शिक्का मारायचा, अशी ही पद्धत. शिक्का नसलेली बंदूक विकणं तिथं गुन्हा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यानं २००० साली आणखी एक प्रकार केला. नव्या पिस्तुलाबरोबर त्यातून झाडलेल्या काडतुसाचं टरफल सरकारला द्यायचं, म्हणजे पुढे गुन्ह्याच्या जागी टरफल सापडलं तर बंदूक ओळखता येईल, असा हिशेब. परिणाम असा झाला, की त्या काळातल्या कितीतरी नव्याकोऱ्या पिस्तुलांच्या आणि रिव्हॉल्व्हरच्या खोक्यात एका छोट्या पाकिटात झाडलेलं टरफल येऊ लागलं. कोरेपणाचा दावा आणि तो खोटा असल्याचा पुरावा एकाच खोक्यात, कंपनीनं स्वतः ठेवलेला! टरफलांच्या त्या भल्यामोठ्या साठ्यातून गुन्हे काही उकलले नाहीत. २०१५ मध्ये मेरीलँडनं तो नियमच काढून टाकला.

यावर संग्राहक म्हणतील, कारखान्यातले बार सोडा, आम्ही त्यानंतरचं बोलतो. ठीक. पण ते तरी सिद्ध कसं करणार? जाणकार गिऱ्हाईक भिंग घेऊन बसतं. सिलिंडरच्या तोंडावर प्रत्येक भोकाभोवती काजळीचं कडं आहे का, ते पाहतं. गोळी सिलिंडरमधून निघून नळीत शिरते, त्या जागी जळकट डाग आहेत का, तेही. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तापलेला वायू सुटतो. वरच्या पट्टीच्या पोटाला त्यानं कोरलेली बारीक चर आहे का, हेही तपासलं जातं. मग येते सिलिंडरच्या अंगावरची रेघ. घोडा मागे ओढला की सिलिंडर फिरतं आणि त्याला जागेवर धरणारा खटका त्याच्या अंगाला घासतो. काही फेऱ्यांत निळ्या रंगावर चंदेरी वलय उमटतं. हे वलय दिसलं की भाव उतरला.

गंमत अशी, की ते वलय गोळी झाडल्याची खूण नाहीच. ती नुसतं खेळवल्याची खूण आहे. रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा ओढत बसणाऱ्याच्या वस्तूवर ते ठसठशीत असेल, आणि ज्यानं एकदाच सहा मवाळ काडतुसं झाडून तासभर नीट साफसफाई केली त्याच्या वस्तूवर जेमतेम दिसेल. काजळी निघते. थोड्या बारांनी पोलाद कोरलं जात नाही. म्हणजे विकणारा ‘झाडलेलं नाही’ म्हणतो तेव्हा घेणारा हजार डॉलर मोजतो ते मुख्यतः त्याच्या शब्दाला.

उलट दिशेचा दाखला पोलिसांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचा. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. १८९९ पासूनच्या या घराण्यातले साठ लाखांहून जास्त नग बनले. अमेरिकी शिपायानं ते वीस-वीस वर्षं कमरेला लावलं, चामड्याच्या म्यानात घालून-काढून त्याचा रंग उडाला, मुठीला खरचटलं. पण झाडलं किती? वर्षातून एक-दोनदा सरावाच्या मैदानावर, तेवढंच. बाहेरून म्हातारं आणि आतून तरुण. बाजारात याला ‘वापरलेलं’ म्हणून कमी भाव. टीव्हीसमोर खेळवलेलं मात्र, वलयापायी भाव थोडा उतरला तरी, ‘कोरं’च. असा हा न्याय.

कोरेपणाच्या भावाला आणखी एक खिंडार आहे, आणि ते संग्राहकांनी स्वतःच पाडलं. १९६०च्या दशकापासून अमेरिकी कंपन्यांनी स्मारक-आवृत्त्या काढायचा सपाटा लावला. अमक्या राज्याची दीडशे वर्षं, तमक्या दलाची शंभर. विंचेस्टरनं १९६६ मध्ये आपल्या शताब्दीनिमित्त काढलेल्या रायफली एक लाखाहून अधिक विकल्या गेल्या. सिनेनट जॉन वेनच्या नावाची आवृत्ती आली १९८१ मध्ये, पन्नास हजारांच्या घरात. स्मिथ अँड वेसननं १९७३ मध्ये टेक्सास रेंजर्स या पोलीस दलाच्या नावानं मॉडेल १९ रिव्हॉल्व्हर काढलं, लाकडी पेटीत, सोबत बोवी सुरा, असे हजारो संच. घेणाऱ्या प्रत्येकाचा बेत एकच होता: झाडायचं नाही, ठेवायचं, नातवाच्या शिक्षणाला कामी येईल. सगळ्यांनीच ठेवलं. आज त्यातलं जवळजवळ सगळं कोरं आहे. दुर्मीळ काही असेलच, तर झाडलेला संच! तो मात्र कुणी विचारत नाही, कारण अशा वस्तूचा खोका-कागदांसकटचा कोरेपणा हाच तिचा एकमेव गुण. नातवंडं शिकली, ती आजोबांच्या पेटीवर नव्हे.

मोठ्या लिलावांकडे पाहिलं तर चित्र आणखी गोंधळाचं दिसतं. २०१८ मध्ये अमेरिकेत एक वॉकर कोल्ट १८ लाख ४० हजार डॉलरला गेलं. वॉकर म्हणजे १८४७चं, दोन किलोंच्या आसपास वजनाचं धूड. कोल्टचा स्वतःचा कारखाना तेव्हा नव्हता, म्हणून ते एली व्हिटनी ज्युनिअरच्या कारखान्यात बनवून घेतलेलं. एकूण अकराशेच बनली, त्यांतली हजार सैन्याला. दारू ठासून भरली की सिलिंडर फुटायची, त्यामुळे चांगल्या स्थितीतली फार थोडी उरली. लिलावातलं हे एका डॅनिश जहाज-कप्तानानं घेतलेलं, मूळ पेटीसकट. इथं पैसे मिळाले ते जपल्याचे, आणि रास्त मिळाले.

पण त्याच्या तिपटीहून जास्त, ६० लाख डॉलरच्या वर, किंमत २०२१च्या ऑगस्टमध्ये बोनहॅम्सच्या लॉस एंजेलिसमधल्या लिलावात एका साध्या, झिजलेल्या कोल्टला आली. शेरीफ पॅट गॅरेटनं १४ जुलै १८८१च्या रात्री न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला बिली द किड या कुख्यात गुंडाला ज्यानं गोळी घातली, ते हे रिव्हॉल्व्हर. ते मुळात गॅरेटचंही नव्हतं. बिलीच्या टोळीतल्या विल्सनला पकडलं तेव्हा त्याच्याकडून आलेलं. गॅरेटनं ते कोरं ठेवलं असतं तर आज ते कोल्टच्या हजारो जुन्या रिव्हॉल्व्हरमधलं एक असतं. जनरल पॅटननं १९१६च्या मेक्सिको मोहिमेतल्या चकमकीनंतर आपल्या हस्तिदंती मुठीच्या कोल्टवर दोन खाचा पाडून घेतल्या. एरवी मूठ कोरलेली म्हणजे माल खराब. इथं त्या खाचाच इतिहास. आपल्याकडेही चंद्रशेखर आझादांचं कोल्ट पिस्तूल प्रयागराजच्या संग्रहालयात लोक रांगेनं पाहतात ते त्याच्या रंगासाठी नव्हे. हार्टफर्डच्या त्याच कारखान्यातलं भगतसिंगांचं पिस्तूल तर बरीच वर्षं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र-संग्रहात पडून होतं आणि कुणाला ओळखू येत नव्हतं. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग फासलेला होता. २०१६च्या सुमारास रंग खरवडला तेव्हा खालचा क्रमांक वाचता आला: १६८८९६. जपण्याच्या नादात ओळखच झाकली गेली होती.

वापरावं की जपावं, या वादाचा सर्वांत सुरेख नमुना मात्र बंदुकींत नाही, व्हायोलिनींत आहे. स्त्रादिवारीनं १७१६ मध्ये बनवलेलं ‘मसाया’ ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात काचेआड आहे. लंडनच्या हिल घराण्यानं ते दिलं तेच कुणी वाजवायचं नाही या अटीवर. ते इतकं नवं दिसतं, की १९९०च्या दशकात ते खोटं असल्याची शंका जाहीरपणे घेतली गेली. लाकडाच्या वलयांचा अभ्यास झाल्यावर त्याच्या वयाची खात्री पटली. दुसरीकडे इटलीतल्या जिनोव्हा शहरात व्हायोलिनवादक पागानिनीचं ‘इल कानोने’ आहे, ग्वार्नेरीनं १७४३ मध्ये बनवलेलं. पागानिनीनं ते गावाला दिलं. गाव ते निवडक वादकांच्या हाती देतं, मैफिलीत वाजवू देतं. दोन्ही निर्णय बरोबर आहेत. ‘मसाया’ वाजवलं नाही म्हणून जगातली वाजणारी स्त्रादिवारी कमी होत नाहीत, पण स्त्रादिवारीच्या वार्निशचा मूळ पोत पाहायला कारागिरांना एक तरी अस्पर्श नग लागतो. एक तरी. सगळे नव्हेत.

हाच निकष रिव्हॉल्व्हरला लावावा. स्मिथ अँड वेसनची १९३५ ते १९३९ मधली रजिस्टर्ड मॅग्नम घ्या. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे नळीची लांबी, मूठ, निशाणाची रचना करून दिलेली, सोबत नोंदणीचं प्रमाणपत्र. सगळी मिळून साडेपाच हजारांच्या आसपास. पहिलं गेलं एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांना. यांतलं एखादं खरंच अस्पर्श सापडलं, तर ते त्या काळच्या कामाचा दस्तऐवज आहे. कानशीच्या खुणा, स्प्रिंगचा ताण, रंगाची खोली, सगळं जसंच्या तसं. त्यातून मजेखातर बार काढणं हा करंटेपणा होईल. कारखान्यात झालेली चूक, आगळी नळी, नमुन्यादाखल बनवलेला नग, ज्याची पाठवणी कंपनीच्या दफ्तरात सापडते अशी वस्तू, हीही याच रांगेतली. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनच्या जुन्या नोंदींवरून अशी वस्तू केव्हा, कुठल्या दुकानाला रवाना झाली याचं पत्र पैसे भरून मागवता येतं. वारसानं सर्वांत आधी तेच मागवावं. त्याचा खर्च पहिल्या काडतुसाच्या आधी झालेला बरा.

पत्र आलं आणि त्यात विशेष काही निघालं नाही, तर मात्र इतिहासाचं नाव घेणं सोडावं. १९७८च्या सर्वसामान्य पायथनचा नमुना जपायची जबाबदारी आजोबांच्या कपाटावर पडलेली नाही. हार्टफर्डमध्येच कनेक्टिकटच्या इतिहास-संग्रहालयात कोल्ट कारखान्याचा स्वतःचा संग्रह आहे. सॅम्युअल कोल्टचा खासगी संग्रह त्याच्या विधवेनं, एलिझाबेथनं, शेजारच्या वॉड्सवर्थ अथिनियमला दिला. शिवाय वायोमिंगमधल्या कोडीचं मोठं शस्त्र-संग्रहालय आहे. तिथले लोक हवेतला दमटपणा मोजतात, हातमोजे घालतात, पोलादाला बारीक मेणाचा हात देतात. घरातल्या खोक्याला यातलं काही मिळत नाही.

न वापरता ठेवलेल्या वस्तूला काही होत नाही, हाही एक भ्रमच. ट्रंकेत वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलेली पैठणी घडीवरच विरते, हे कुठल्याही मराठी घरात ठाऊक असतं. पोलादाचं वेगळं नाही. पुठ्ठ्याचा खोका दमट हवा शोषतो. चामड्याच्या म्यानात ठेवलेल्याचं तर विचारूच नये: चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्यानं धरलेली ओल मिळून गंजाची रांगोळी काढतात. कारखान्यातलं तेल सुकून डिंकासारखं होतं आणि चाप जड चालतो. पाहुण्यानं कौतुकानं हातात घेतलं आणि घामाचे ठसे तसेच राहिले, तर काही महिन्यांत बोटांच्या रेषा पोलादात कायमच्या उमटतात. वर्षातून दोनदा उघडून पुसलेली, अधूनमधून झाडलेली आणि प्रत्येक वेळी साफ केलेली बंदूक पुष्कळदा या खोक्यातल्या बंदुकीपेक्षा निरोगी असते.

झाडल्यानं मात्र काहीच बिघडत नाही, असं म्हणणारेही खोटं बोलतात. .३५७च्या रिव्हॉल्व्हरमध्येही चालणाऱ्या .३८ स्पेशल काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचाला १७ हजार पौंड धरतात, .३५७ मॅग्नमचा ३५ हजार, म्हणजे दुपटीहून जास्त. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल १९ मध्ये हलक्या, भरधाव मॅग्नम गोळ्या सतत झाडल्या तर नळीच्या मागच्या टोकाला तडा जातो, हे अमेरिकेत पोलीस खात्यांपासून सगळ्यांना अनुभवानं कळलेलं. जुन्या पायथनचं दुखणं निराळं. त्याची यंत्रणा बार होण्याच्या क्षणी सिलिंडरला तिजोरीच्या दारासारखं घट्ट दाबून धरते. म्हणूनच त्याचं कौतुक होतं, आणि म्हणूनच तो भाग झिजतो. झिजला की सिलिंडर नळीच्या समोर नेमकं यायला किंचित उशीर होतो. ते पुन्हा जुळवणारे कारागीर आता थोडे, जुने सुटे भाग त्याहून थोडे. दोन-चार हजार मॅग्नम गोळ्या उडवायच्या असतील तर त्यासाठी जुनं पायथन ही चुकीची वस्तू आहे. नवं घ्यावं, किंवा आधीच झिजलेलं.

पुष्कळ संग्राहक नेमकं हेच करतात: एक कोरं कपाटात, एक वापरातलं हातात. मार्ग शहाणा आहे. पण तो पायथन चालवायचं कसं, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. आजोबांच्या पायथनचं काय, हा प्रश्न तसाच राहतो. त्या प्रश्नाचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे आणि ते सोपं आहे. वस्तू विकायची असेल तर झाडू नये, एवढंच काय, घोडासुद्धा ओढू नये. कोरेपणाचा भाव आजच्या आज पदरात पाडून घ्यावा. विकायची नसेल, तर तो भाव तिच्या मालकाला कधीच मिळणार नाही. तो मिळेल त्याच्या पश्चात कुणाला तरी, आणि त्या कुणाला तरी जुन्या पोलादाची हौस असेल याची खात्री नाही. टेक्सास रेंजर्सच्या पेट्या ठेवणाऱ्यांचीही अशीच खात्री होती. स्वतः न विकणाऱ्यानं अनोळखी गिऱ्हाइकाचा नफा तीस वर्षं तेल लावून सांभाळायचा, आणि वर त्याला आठवण जपणं म्हणायचं, यात अर्थ नाही. आजोबांनी ते घेतलं तेव्हा त्यांना ते झाडायचंही असणार. वेळ मिळाला नसेल, काडतुसं महाग वाटली असतील, किंवा खराब होईल म्हणून हात धजावला नसेल.

तिसरा मार्गही आहे, आणि वादाच्या भरात तो विसरला जातो. ज्याला बंदुकीत रस नाही, ज्याच्या घरात लहान मुलं आहेत, त्यानं ती घरात ठेवूच नये. विकावी, संग्रहालयाला विचारावं किंवा रीतसर पोलिसांच्या हवाली करावी. वारशात आलेली बंदूक रिकामी आहे असं कुणी सांगितलं तरी सिलिंडर बाजूला काढून सहाही भोकं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

आपल्याकडे हा वाद सहसा उभाच राहत नाही, कारण कायदाच तो सोडवून टाकतो. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला शस्त्र आयात करणं जवळपास बंद आहे. त्यामुळे जुन्या ब्रिटिश वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरला भारतात अव्वाच्या सव्वा भाव येतो तो परदेशी असल्याचा. झाडलंय की नाही हे विचारतो कोण! शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणजे एक कोरं आणि एक वापराचं ही चैन इथं दोन्ही जागा खाऊन टाकते. परवानाधारक वारला तर वारसाला शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं आणि स्वतःच्या नावाचा परवाना होईपर्यंत ते तिथंच राहतं. ज्या वडिलांनी चाळीस वर्षं दर दिवाळीला वेब्ली पुसून ठेवलं, त्यांचं ते वेब्ली मालखान्यात दोन पावसाळे काढून परत येतं तेव्हा कोरेपणाची चर्चा संपलेली असते. आणि वरातीत हवेत बार काढून हौस भागवणाऱ्यांसाठी त्याच दुरुस्तीत दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

अमेरिकेतल्या नातवानं झाडायचं ठरवलंच, तर घाई करू नये. आधी जाणत्या कारागिराकडून सुकलेलं तेल काढून घ्यावं आणि सहाही घरांत सिलिंडर नळीसमोर नेमकं येतं का, ते तपासून घ्यावं. निकेलचा मुलामा असेल तर अमोनिया असलेलं साफसफाईचं द्रव्य लावू नये, मुलामा सुटू शकतो. पायथनमध्ये .३५७ ऐवजी .३८ स्पेशल काडतुसं चालतात. दाब निम्म्याहून कमी, धक्का कमी आणि चापाची ती प्रसिद्ध मऊ चाल तितकीच कळते. मैदानावर डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण. घरी आल्यावर सिलिंडरची भोकं आतून ब्रशनं घासावीत, कारण आखूड .३८ काडतूस जिथं संपतं तिथं काजळीचं कडं धरतं आणि ते तसंच राहिलं तर पुढच्या वेळी लांब .३५७ काडतूस आत जाताना अडतं.